सेउलाच्या दंडावरचा पहारेकरी

डॉ. मॅरियन एल्डकॉटला गुडघ्यांवर बसलेलं बघायला मी पहाटे उठले, आंघोळ केली आणि इस्त्रीचा ड्रेस घालून निघाले. लग्नाला जावं तशी. ऑकलंडचा जून महिना म्हणजे हाडं गोठवणारी थंडी, पण त्या दिवशी मला थंडी वाजली नाही. आत काहीतरी उकळत असलं की वाजत नाही.

मी मूळची मिरजेची, मृण्मयी. मांगेरे या उपनगरातल्या दवाखान्यात मधुमेही लोकांचे पाय तपासणं हे माझं काम. इथली निम्मी वस्ती सामोआ बेटांवरून आलेली. माझं नाव त्यांच्या तोंडात बसेना, म्हणून त्यांनी मला मिना करून टाकलं. पाय तपासताना माणसं फार बोलतात. बोटांना मुंग्या येतात, टाचेला खिळा घुसला तरी कळत नाही, हे सांगता सांगता सुनेचं, चर्चचं, गावाकडच्या जमिनीचं सगळं सांगून टाकतात. तोगिआंची आणि माझी ओळख अशीच झाली. भलेथोरले, पांढऱ्या केसांचे, घराण्याचे प्रमुख. डाव्या पायाच्या अंगठ्याला जखम, ती भरत नव्हती. मी गोडावरून रागावले की ते हसायचे. "मिना, कुणी आदराने वाढलं आणि मी नको म्हटलं, तर अपमान कुणाचा झाला? साखरेचा की त्याचा?" मला आमच्याकडच्या पंगतीतला आग्रह आठवायचा. माझ्या वडिलांचा एक पाय त्याच आग्रहापायी गेला होता.

मग २०४१ साली कंपनी आली आणि तिच्याबरोबर ते यंत्र आलं. लोकांनी त्याचं नाव ठेवलं लेओलेओ, म्हणजे पहारेकरी.

यंत्राचे दोन भाग. पोटाच्या कातडीखाली एक चपटी डबी, त्यात प्रयोगशाळेत वाढवलेल्या जिवंत पेशी. निरोगी माणसाच्या स्वादुपिंडात ज्या पेशी इन्सुलिन बनवतात, तशाच या. पण जाड, थकलेल्या शरीरात अशा पेशींना मोकळं सोडलं तर त्या राबून राबून वर्षभरात मरतात. म्हणून डबीला एक बारीक झडप होती. ती कधी उघडायची हे दंडावर चिकटवलेली एक टिकली ठरवायची. टिकलीचा केसाएवढा तंतू कातडीखालची साखर चाखत राहायचा. साखर चढली की टिकली डबीला बिनतारी निरोप देई, झडप उघडे, इन्सुलिन रक्तात. साखर उतरली की झडप बंद. सुई नाही, गोळी नाही, हिशेब नाही. टिकली आणि डबी एका छपराखाली असली की झालं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. झडप किती उघडायची हे प्रत्येक माणसाच्या देहानुसार ठरवलेलं असे. तोगिआंच्या शरीराला एका जेवणासाठी जेवढं इन्सुलिन लागे, तेवढ्यात माझ्यासारखी माणसं आडवी झाली असती.

यंत्र उत्तम होतं. ते मी आजही म्हणते. तोगिआंची जखम दोन महिन्यांत भरली. मी तो अंगठा हातात धरून चक्क रडले.

वाटोळं केलं ते डॉ. एल्डकॉटच्या हुशारीने. ती या प्रकल्पाची प्रमुख. सामोआच्या संस्कृतीवर तिने चार पुस्तकं वाचली होती आणि ती वाचल्याचं समोरच्याला विसरू देत नसे. या लोकांच्या चर्चमध्ये रविवारी कोणत्या कुटुंबाने किती दान दिलं ते मोठ्याने वाचून दाखवतात, हे तिला कळलं. लोक त्या वाचनासाठी जिवाचं रान करतात, हेही कळलं. तिने पाद्रीबाबांना गाठलं. दानानंतर साखरही वाचा म्हणाली. प्रत्येक कुटुंबाची, शुक्रवार संध्याकाळपासून रविवार सकाळपर्यंतची सरासरी. आणि ज्या चर्चची सरासरी वाईट, त्या चर्चला पुढच्या टप्प्यात यंत्रं मिळणार नाहीत.

"लाजेइतकं प्रभावी औषध नाही," ती आम्हा कर्मचाऱ्यांना म्हणाली होती. "आणि ही लाज त्यांचीच आहे. आपण फक्त तिचा आदर करतोय."

पहिल्या रविवारी तोगिआंच्या कुटुंबाचा आकडा सगळ्यात वाईट निघाला. घराण्याचा प्रमुख, आणि त्याच्यापायी शंभर माणसांची यंत्रं जाणार! ते घरी आले ते जेवलेच नाहीत. पुढच्या शुक्रवारी त्यांच्या मुलीने, मातालेनाने, बापाच्या दंडावरची टिकली काढून आपल्या अकरा वर्षांच्या पोरीच्या दंडावर लावली. पोरीचं नाव सेउला. काटकुळी, दिवसभर उड्या मारणारी, हिची साखर कसली चढतेय! रविवारी आकडा वाचला गेला तेव्हा चर्चमध्ये टाळ्या पडल्या. जेवणं झाल्यावर टिकली परत आजोबांच्या दंडावर.

हे एकाच घरात घडलं असं समजू नका. घरोघरी एखादी काटकुळी पोर होतीच.

मला संशय आला तो पायांवरून. आकडे सुधारत होते आणि तोगिआंचा अंगठा पुन्हा काळवंडत होता. मी एल्डकॉटच्या खोलीत गेले आणि सांगितलं, की शनिवार-रविवारी हे आकडे या माणसांचे नाहीत.

तिने चष्मा काढून पुसला. "मृण्मयी, शुक्रवारी संध्याकाळी एका म्हाताऱ्याची साखर अचानक शाळकरी मुलीसारखी वागायला लागली, हे यंत्राला कळत नसेल असं वाटतं का तुला? त्यात इशारा देऊन झडप अडवणारी सोय आहे. पहिल्याच महिन्यात ती वाजायला लागली."

"मग?"

"मग मी ती बंद केली. सरासरी उत्तम येतेय. सरकारी मंजुरी मिळाली की पुढच्या आवृत्तीत सुधारू. दोन दिवसांत कुणी मरत नाही."

तळपायाची आग मस्तकात गेली. मी वर तक्रार केली. वरून उत्तर आलं, की प्रकल्पप्रमुखांचा सल्ला घ्यावा. मी थेट घरी जाऊन मातालेनाला बजावलं. तिने मान खाली घालून ऐकलं आणि म्हणाली, "आमच्यामुळे सगळ्यांची यंत्रं गेली तर बाबा जगतील का? तूच सांग."

ऑक्टोबरातला दुसरा रविवार हा या लोकांचा मुलांचा दिवस. पांढरेशुभ्र कपडे घालून मुलं चर्चमध्ये वचनं म्हणतात, छोटी नाटकं करतात. आणि वर्षभराची रीत त्या एका दिवशी उलटी होते. एरवी आधी वडीलधारी माणसं जेवतात, मुलं वाढतात आणि उरलेलं खातात. त्या दिवशी मुलं पहिल्या पंगतीला बसतात आणि म्हातारे त्यांना वाढतात.

एरवीच्या रविवारी सेउला जेवायला बसेपर्यंत आजोबा भरपेट जेवलेले असत. तिच्या जेवणाने झडप उघडली तरी ते इन्सुलिन आजोबांच्याच जेवणावर खर्ची पडे. हा योगायोग कितीतरी आठवडे त्यांचा जीव वाचवत होता आणि कुणाला त्याचा पत्ता नव्हता. त्या दिवशी तोगिआ पहाटेपासून उपाशी होते. नातीचं वचन ऐकून त्यांचे डोळे भरून आले होते. भल्यामोठ्या हातांत आइस्क्रीमचं भांडं घेऊन ते मुलांच्या रांगेतून फिरत होते आणि सेउलाला दोनदा जास्तीचं वाढत होते. टिकली नेहमीसारखी तिच्याच दंडावर होती.

पोरीने केक खाल्ला, टिकलीने निरोप दिला. पोरीने आइस्क्रीम खाल्लं, पुन्हा निरोप. आपल्या इन्सुलिनने ही साखर उतरत का नाही, म्हणून डबी झडप उघडतच राहिली. मुलीच्या साखरेसाठी म्हाताऱ्याच्या उपाशी रक्तात इन्सुलिन ओतत राहिली.

मी त्या पंगतीत पाहुणी होते. तोगिआ घामाने निथळले, "मिना, दिवे का घालवले?" असं काहीतरी म्हणाले आणि टेबलावर कोसळले. मी त्यांच्या हिरड्यांना मध चोळत होते. मातालेना मात्र आधी बापाकडे आली नाही. ती सेउलाकडे धावली आणि तिच्या दंडावरची टिकली ओरबाडून काढली.

रुग्णवाहिकेत शिरेतून ग्लुकोज दिलं. मेंदूने फार वेळ उपास सोसला होता. तिसऱ्या दिवशी तोगिआ गेले.

कंपनीने पत्रक काढलं. 'कुटुंबीयांनी यंत्राशी छेडछाड केल्याने दुर्दैवी घटना.' बस्स. सगळं खापर फोडून मोकळे.

मी मातालेनाला म्हटलं, "मी साक्ष देते. तिने इशारा बंद केला, हे मला स्वतःच्या तोंडाने सांगितलंय."

"आणि ती नाही म्हणाली तर?"

"तर तपास होईल. टिकली कोणाच्या अंगावर होती ते बाहेर येईल."

"कोणाच्या अंगावर होती, मिना?" तिने शांतपणे विचारलं.

मातालेना विमानतळावर सामान चढवणाऱ्या टोळीची मुकादम होती. तीस किलोची बॅग एका हाताने फेकणारी बाई. पण त्या दिवशी तिचे दोन्ही हात मांडीवर पडून होते. "माझ्या पोरीला कळता कामा नये," ती म्हणाली. "आजोबा म्हातारे होते, थकले होते, गेले. तिला एवढंच माहीत आहे. तिच्या आइस्क्रीमने आजोबा मेले, हे ओझं मी तिच्या डोक्यावर ठेवणार नाही. न्याय नको मला." मग म्हणाली, "पण त्या बाईला मी सोडणार नाही."

संधी एल्डकॉटनेच आणून दिली. तोगिआंनंतर लोक भराभर टिकल्या उपटून टाकू लागले. तीन चर्चनी कंपनीला दार बंद केलं. मंजुरी तोंडावर आलेली आणि माणसंच उरेनात. जूनमध्ये तिने मला बोलावलं. "या समाजाला शांत करायला काय करावं लागेल? एखादा विधी असेल ना त्यांचा? मी मनापासून करीन."

मी ते मातालेनाला जाऊन सांगितलं. तिने चहाचा कप खाली ठेवला.

"तिला सांग, इफोगा कर."

मी इतकी वर्षं त्यांच्यात काढली होती. इफोगा म्हणजे काय ते मला माहीत होतं. एका घराने दुसऱ्या घरातल्या माणसाचा जीव घेतला, की मारणाऱ्या घराची माणसं उजाडायच्या आत येऊन पीडितांच्या अंगणात गुडघे टेकतात आणि अंगावर बारीक विणीची, पिढ्यान्‌पिढ्या जपलेली चटई ओढून घेतात. चटईखालचा माणूस बोलत नाही, खात नाही, उठत नाही. घरातून कुणी बाहेर येऊन चटई उचलली, तर क्षमा. नाही उचलली, तर घरच्यांची मर्जी. जुन्या काळी कुऱ्हाडीही चालल्या आहेत. चटईखाली बसणं म्हणजेच सगळ्या गावासमोर सांगणं, की हो, तुमचं माणूस मी मारलं.

"तिला अर्थ कळेल का?" मी विचारलं.

"तिने विचारला तर सांग. खोटं बोलू नकोस."

तिने विचारलाच नाही! पुस्तकं वाचली होती ना. "हो, हो, तो सलोख्याचा विधी," म्हणाली. गवत ओलं असेल का, कॅमेरे आणलेले चालतील का, एवढंच विचारलं. कंपनीच्या वकिलाने 'सामूहिक शोकात सहभाग' असं पत्रकही तयार करून ठेवलं. चटई त्यांनी लिलावातून विकत आणली. दुसऱ्याच्या आज्जीने विणलेली, दुसऱ्याच्या लग्नामरणांत हाताळलेली चटई. मला त्याचं हसू आलं आणि तिचा आणखी राग आला.

तर अशी मी त्या पहाटे इस्त्रीचा ड्रेस घालून मातालेनाच्या घरी पोचले.

एल्डकॉट आली, गुडघ्यांवर बसली, चटई अंगावर घेतली. उजाडलं तसे कुंपणापलीकडे लोक जमू लागले. पहिल्यांदा कुजबुज, मग पूर्ण शांतता. त्यांना कळलं होतं. म्हाताऱ्या बायका हात तोंडावर धरून उभ्या राहिल्या. फुटपाथवर वकील कॅमेरावाल्यांना चांगला कोन दाखवत होता. सामोआतल्या घराघरांत ते चित्र थेट दिसत होतं आणि बाईने खुनाची कबुली दिली आहे हे तिथे पोराटोरांनाही समजत होतं. बाईला तेवढं समजत नव्हतं.

आत मातालेना खिडकीशी बसून गरम कोको पीत होती. तिची आई रुता, तोगिआंची बायको, भिंतीला टेकून बसली होती.

"किती वेळ ठेवणार आहेस?" मी विचारलं.

"ती स्वतः उठेपर्यंत," मातालेना म्हणाली. "चटईखालून स्वतःहून उठलेल्या माणसाला आमच्यात कुणी पाणी देत नाही. इथे नाही, बेटांवर नाही. तिचं यंत्र पुन्हा कुणाच्या अंगाला लागणार नाही."

मला ते फार आवडलं. खरं सांगते, मीही एक कप कोको घेतला. ऊन वर आलं. चटईखाली हालचाल व्हायला लागली. एकदा एक हात बाहेर आला, वकिलाने फुटपाथवरून 'अजून थोडं' म्हटलं, हात आत गेला. गुडघे पेटले असतील. पेटू देत.

तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार वाजलं.

सेउला शाळेच्या गणवेशात अंगणात उतरली. कुणाकडे न बघता चालत गेली, खाली वाकली आणि चटईची कड उचलून आत शिरली. एल्डकॉटच्या शेजारी. चटईला आता दोन उंचवटे दिसत होते, एक मोठा आणि एक छोटा.

रुता किंचाळली. मातालेनाचा कप फुटला.

ती धावली, मी मागे. चटईपाशी तिने गुडघे टेकले. "सेउला, बाहेर ये. हे तुझ्यासाठी नाही."

आतून आवाज आला. "माझ्यासाठीच आहे. मीच केलं ना?"

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही." मग हुंदका. "आजोबा पडले, तेव्हा तू त्यांच्याकडे नाही गेलीस. आधी माझ्याकडे धावलीस. तेव्हाच मला कळलं."

मातालेनाने डोळे मिटले. आठ महिने ही पोर ते उराशी घेऊन शाळेत जात होती, जेवत होती, प्रार्थना म्हणत होती. आणि आम्ही मोठी माणसं तिच्यापासून लपवतोय म्हणून एकमेकींची पाठ थोपटत होतो.

मला वाटलं, आता ही चटई फेकून देईल. पोरीला काढायचं तर चटई उचलावी लागणार, आणि चटई उचलली की दोघींनाही क्षमा. रुता दारातून तेच ओरडत होती, "उचल, उचल ती!" मातालेनाने कडेला हात घातला आणि थांबली. मग चटईला तोंड लावून, शब्द तोलून इंग्रजीत बोलली.

"डॉक्टर, तिला सांगा."

फुटपाथवरून वकील धावत आला. "डॉक्टर, एक अक्षर बोलू नका! उठा तुम्ही, बस्स झालं हे."

"उठायचं असेल तर उठा," मातालेना म्हणाली. "मी अडवणार नाही. पण माझी पोर तुमच्या शेजारी बसून म्हणतेय, की तिने आजोबांना मारलं. तुम्हाला ठाऊक आहे कुणी मारलं ते. कोर्टात सांगू नका, मला सांगू नका. तिला सांगा."

कॅमेरे चालू होते. वकील पुन्हा काहीतरी बोलला. मग चटईखालून एल्डकॉटचा आवाज आला, घोगरा, थंडीने फाटलेला.

"तू नाही केलंस."

"मी दोनदा आइस्क्रीम खाल्लं," सेउला म्हणाली.

"आइस्क्रीमने नाही झालं. ऐक. टिकली दुसऱ्याच्या अंगावर आहे हे यंत्राला कळत होतं. त्यात एक घंटा होती. तुझ्या आजोबांसाठी ती कितीतरी वेळा वाजली." श्वास ऐकू येत होता. "मी ती बंद केली. आकडे चांगले येत होते म्हणून. घंटा चालू असती तर त्या दिवशी डबी उघडलीच नसती. मला ठाऊक होतं. तुला नव्हतं, तुझ्या आईला नव्हतं. मला होतं."

"मग आजोबा तुमच्यामुळे मेले?"

"हो. माझ्यामुळे."

वकील पाठ फिरवून रस्त्याकडे चालू लागला. कुंपणापलीकडे कुणीतरी मोठ्याने रडलं.

मातालेनाने चटईची एक कड उचलली. फक्त एक. आत हात घालून पोरीला काखेत धरलं, ओढून बाहेर काढलं, छातीशी घट्ट आवळलं. पोर तिच्या मानेत तोंड खुपसून इतकी रडली, की तिचं सगळं अंग गदगदत होतं. आणि मग, पोर एका हातावर असतानाच, मातालेनाने दुसऱ्या हाताने ती कड परत खाली सोडली. सुरकुती पडली होती तीही हाताने नीट केली.

असं कधी कुणी केलं नव्हतं. चटई उचलतात किंवा उचलत नाहीत. अर्धी उचलून पुन्हा झाकत नाहीत.

एल्डकॉट उठली नाही. आता तिला उठता आलं असतं. सांगायचं ते सगळं सांगून झालं होतं, वकीलही निघून गेला होता. पण ती तशीच बसून राहिली. चटई थरथरत होती. मला वाईट वाटायला हवं होतं. मी वाट पाहिली, पण वाटलं नाही.

रुता पायरीवरून खाली आली. मुलीकडे बघितलं, चटईकडे बघितलं. "तिचं काय?" तिने विचारलं.

मातालेना पोरीला घेऊन दाराकडे निघाली होती. तिने मागे वळून पाहिलंही नाही.

"बघू," ती म्हणाली. "आधी हिला जेवायला वाढ."